डॉ. होमी भाभा आणि हृदयाचा मागोवा

डॉ. होमी जहांगीर भाभा हे नाव पाठ्यपुस्तकात अणुशक्तीच्या धड्यात येते आणि बहुधा तेथेच थांबते. त्या नावासरशी विद्यार्थ्याला तारापूरची वीज आठवते, पोखरण आठवते, फार तर ट्रॉम्बेच्या अणुभट्टीचा घुमट आठवतो. प्रस्तुत लेखात या चरित्राकडे थोड्या निराळ्या बाजूने पाहावयाचे आहे. भाभांनी उभ्या केलेल्या अवाढव्य व्यवस्थेतून एक अगदी लहान वस्तू बाहेर आली. शिरेत टोचता येतील असे किरणोत्सारी द्रव्याचे ते चार थेंब. हृदयाचा रक्तपुरवठा काही काळ तुटला आणि पुन्हा सुरू झाला, तर त्या स्नायूचा कोणता भाग जिवंत आहे आणि कोणता कायमचा गेला, याचा निवाडा हे थेंब करतात. आपले अनेक माजी विद्यार्थी आता पन्नाशी ओलांडलेले आहेत. त्यांच्या घरी या विषयाची ओळख ग्रंथातून नव्हे, तर दवाखान्याच्या बाकावर होत आहे. त्यामुळे भाभांच्या कार्याचा हा भाग त्यांच्यापुढे मांडणे अगत्याचे वाटते.

भाभांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 रोजी मुंबईत एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. आजोबा हॉर्मसजी हे म्हैसूर संस्थानात शिक्षणखात्याचे प्रमुख अधिकारी होते, तर वडील जहांगीर हे विलायतेत शिकलेले वकील होते. आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. घरात ग्रंथसंग्रह होता, पाश्चात्य संगीताच्या तबकड्या होत्या, चित्रकलेचे शिक्षक होते. आपल्या वसतिगृहातील मुलांना हे वाचून परीकथेसारखे वाटेल, आणि वाटावे. कारण प्रतिभेला अशी जमीन मिळाली तर ती किती लवकर वर येते, हे त्यावरून कळते. कॅथीड्रल शाळेतून ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात आले. सुमारे एक तप आधी, म्हणजे 1912च्या सुमारास, त्याच एल्फिन्स्टनमधून बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर बी.ए. झाले होते. त्याआधी एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना फळ्याजवळ जाण्याचीही चोरी होती, कारण फळ्यामागे सवर्ण मुलांचे डबे ठेवलेले असत. एकच शहर आणि एकाच नावाच्या शिक्षणसंस्था, पण दोन विद्यार्थ्यांच्या वाट्याला आलेली हवा किती भिन्न! भाभांचा यात काही दोष नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने चरित्र लिहिताना ही नोंद गाळू नये, असे मला वाटते.

1927 साली भाभा केंब्रिजच्या कीज महाविद्यालयात दाखल झाले. मुलाने यंत्र-अभियांत्रिकी शिकून टाटांच्या पोलाद कारखान्यात अधिकारी व्हावे, अशी घरच्यांची योजना होती. वर्षभरातच त्यांनी वडिलांना पत्र लिहून कळविले की, हा आपला पिंड नव्हे, आपल्याला पदार्थविज्ञानच करावयाचे आहे. वडील व्यवहारी होते. अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळविलास तर पुढे गणितासाठी खर्च करीन, अशी अट त्यांनी घातली. मुलाने 1930 साली ती अट पुरी केली आणि 1932 साली गणितातही प्रथम वर्ग मिळविला. पुढे विश्वकिरणांवरील त्यांचे संशोधन जगात गाजले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीचे त्यांनी 1935 साली मांडलेले गणित आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. 1937 साली हाइटलर या शास्त्रज्ञासमवेत त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती दिली. एक वेगवान कण हवेत शिरतो, त्यातून दोन होतात, दोनाचे चार होतात आणि जमिनीपर्यंत कणांची सर कोसळते, असा तिचा ढोबळ आशय आहे. 1939 साली ते सुटीसाठी मायदेशी आले असता युद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. मग बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्याकडे त्यांनी काम सुरू केले. 1941 साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

सुटीसाठी आलेला हा तरुण येथेच राहिला, याला माझ्या मते त्यांच्या सर्व शोधांइतकेच महत्त्व आहे. 12 मार्च 1944 रोजी त्यांनी दोराबजी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी एका संस्थेची मागणी केली. हिरोशिमावर बाँब पडण्यास तेव्हा वर्षाहून अधिक अवधी होता. पुढेमागे अणूपासून वीज निर्माण होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाच्या तोंडाकडे पाहावे लागू नये, असा त्या पत्राचा रोख होता. 1945 साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. बंगळुरात सुरू झालेली ही संस्था त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यात आली. त्याच बंगल्यात भाभांचा जन्म झाला होता. 1948 साली अणुऊर्जा कायदा होऊन आयोग नेमला गेला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. त्या वेळच्या मंत्रिमंडळात बाबासाहेब कायदेमंत्री होते. जानेवारी 1954 मध्ये ट्रॉम्बे येथे अणुऊर्जा प्रतिष्ठान उभे राहिले.

येथे डॉ. मेघनाद साहांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान व घटक ओळखण्याचे सूत्र देणारा हा थोर वैज्ञानिक ढाक्याजवळच्या खेड्यात एका गरीब दुकानदाराच्या घरी जन्मला होता. जातीच्या उतरंडीवर त्यांचे कुटुंब खालचे मानले जाई. कलकत्त्याच्या वसतिगृहात सरस्वतीपूजेच्या वेळी त्यांना बाजूला सारण्यात आले, हा प्रसंग त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविला आहे. साहांचे म्हणणे असे होते की, आधी देशातील विद्यापीठांच्या प्रयोगशाळा सुधाराव्यात, पुरेसे शिकलेले मनुष्यबळ तयार करावे आणि मग अणुऊर्जेचा डोलारा उभारावा. भाभांचे मत याच्या उलट होते. विद्यापीठांची वाट पाहत बसल्यास पिढी वाया जाईल. निवडक माणसे घेऊन वेगळी संस्था काढावी आणि तिच्याभोवती काम वाढवावे, असे ते मानीत. सरकारने भाभांची बाजू उचलली. 1948च्या आयोगात साहा नव्हते. त्या कायद्यातील गुप्ततेवर विधिमंडळात आक्षेप घेण्यात आला, पण तोही टिकला नाही. 1952 नंतर साहा लोकसभेत अपक्ष सदस्य म्हणून बसले आणि अणुधोरणावर कठोर टीका करीत राहिले. फेब्रुवारी 1956 मध्ये त्यांचे निधन झाले.

या वादात आपण कोणाच्या बाजूचे? वसतिगृहात शिकविणाऱ्या माणसाला साहांचे म्हणणे आपोआप पटते. खानदेशातील महाविद्यालयांना स्वतःचे विद्यापीठ मिळण्यास 1990 साल उजाडावे लागले. तोवर धुळ्या-जळगावच्या मुलाचा निकाल पुण्याहून येई. निवडकांच्या संस्था मुंबईत झाल्या आणि प्रयोगशाळेतील फुटक्या परीक्षानळ्या आमच्याकडे राहिल्या, असे कोणी म्हटले तर ते अगदीच खोटे नाही. तथापि भाभांच्या बाजूनेही एक गोष्ट मांडली पाहिजे. 1957 साली त्यांनी ट्रॉम्बे येथे प्रशिक्षण विद्यालय काढले. विज्ञान व अभियांत्रिकीच्या पदवीधरांना निवडून, विद्यावेतन देऊन, वर्षभर शिकवून तेथेच कामाला लावण्याची ती पद्धत होती. साहांना शेताची चिंता होती, भाभांनी रोपवाटिका केली. रोपवाटिकेतून झाडे लवकर मिळाली हे खरे. पण शेताची चिंता अजून मिटलेली नाही.

4 ऑगस्ट 1956 रोजी दुपारी अप्सरा ही अणुभट्टी ट्रॉम्बे येथे कार्यान्वित झाली. आशिया खंडातील, सोव्हिएत प्रदेश वगळता, ती पहिली होती. तिचे इंधन इंग्लंडहून आले होते, बांधणी मात्र येथील अभियंत्यांनी केली. पाण्याच्या खोल हौदात बुडविलेल्या त्या इंधनाभोवती निळसर प्रकाश दिसे. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात धम्मक्रांती झाली, आणि 6 डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. आपल्या समाजाच्या स्मरणात 1956 हे वर्ष कोणत्या कारणाने कोरलेले आहे हे सांगणे नको; पण अप्सराही त्याच वर्षाची, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. 1960 साली कॅनडाच्या साहाय्याने सायरस ही मोठी अणुभट्टी सुरू झाली. वीज यांपैकी कोणतीच देत नव्हती. त्यांतून मिळत होते न्यूट्रॉन, आणि न्यूट्रॉनांच्या माऱ्यात साधे द्रव्य ठेवले की त्याचे किरणोत्सारी समस्थानिक बने. आपल्या विषयाची वाट येथूनच फुटते.

समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याची वजनाने वेगळी असलेली भावंडे. शरीरातील रसायनक्रिया त्यांच्यात भेद करीत नाही. हा भेदाभाव नसणे उपयोगी पडेल, हे प्रथम ध्यानात आले ते जॉर्ज द हेवेशी या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाच्या. मँचेस्टरला रदरफोर्ड यांनी त्यांना शिशातून रेडियम-डी नावाचे किरणोत्सारी द्रव्य वेगळे काढण्याचे काम दिले होते. खूप खटपट करूनही ते निघेना, कारण ते स्वतःच शिशाचे भावंड होते. वेगळे निघत नसेल तर त्याचा खुणेसारखा उपयोग का करू नये, असा विचार हेवेशींनी केला आणि 1913 साली पानेथ यांच्यासह तो प्रयोगाने सिद्ध केला. मेंढपाळ एका मेंढीच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतो आणि मग दूरूनही कळप कोठे चरतो ते त्याला दिसते, तसाच हा प्रकार. अशा खुणेच्या द्रव्यास ट्रेसर म्हणतात. आपण त्याला मागोवा-द्रव्य म्हणू. 1935 साली कोपनहेगन येथे हेवेशींनी उंदरांना किरणोत्सारी फॉस्फरस खाऊ घातला आणि दाखवून दिले की, दगडासारखी वाटणारी हाडेसुद्धा सतत आपले कण टाकून नवे घेत असतात. अनित्यतेचा सिद्धांत वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकणाऱ्या आपल्या मुलांना हा प्रयोग विशेष आवडतो, असा माझा अनुभव आहे. हेवेशी ज्यू वंशाचे होते. नाझी राजवट येताच त्यांना जर्मनीतील अध्यापनपद सोडावे लागले, आणि पुढे डेन्मार्कही सोडून स्वीडनचा आश्रय घ्यावा लागला. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणारी व्यवस्था केवळ आपल्याकडेच नव्हती. 1943 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना याच मागोव्याच्या पद्धतीसाठी मिळाले.

ट्रॉम्बेत समस्थानिके तयार होऊ लागल्यावर भाभांनी ती दवाखान्यापर्यंत नेण्याची व्यवस्था केली. परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 साली टाटा विश्वस्त निधीने उभारले होते. रक्ताच्या कर्करोगाने गेलेल्या मेहरबाई, म्हणजे भाभांच्या आत्या, यांच्या स्मृतीशी ते जोडलेले आहे. हे रुग्णालय 1962 साली अणुऊर्जा विभागाकडे आले. पुढच्याच वर्षी, 1963 मध्ये, परळलाच त्याच्या शेजारी विकिरण वैद्यक केंद्र सुरू झाले. प्रारंभीचे काम गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचे होते, कारण ती आयोडीन ओढून घेते आणि आठ दिवसांचे अर्धायुष्य असलेले किरणोत्सारी आयोडीन ट्रॉम्बेतून मिळत होते. परळ म्हटले की आपल्याला दामोदर हॉल आणि बी.आय.टी. चाळ आठवते. त्या चाळीतील दोन खोल्यांत बाबासाहेबांनी दोन दशके संसार आणि अभ्यास केला. गिरणी कामगारांच्या त्या वस्तीत अणूचे औषध येऊन पोहोचले, ही घटना माझ्या दृष्टीने जिनिव्हाच्या परिषदेपेक्षा कमी मोठी नाही. 1955च्या त्या जागतिक परिषदेचे अध्यक्षपद भाभांकडे होते. अणूंच्या संमीलनातून मिळणारी ऊर्जा दोन दशकांत माणसाच्या ताब्यात येईल, असे भाकीत त्यांनी तेथे केले होते. सात दशके होत आली, ते खरे झालेले नाही. परळचे केंद्र मात्र तेव्हापासून आजतागायत रुग्ण तपासत आहे.

आता हृदयाकडे वळू. 31 जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्याकडे आपली माणसे मोठ्या संख्येने जातात. एखाद्या वयस्क गृहस्थाला तेथील चढावर छातीत दडपल्यासारखे होते, डावा हात जड होतो. तो दगडावर बसतो, घोटभर पाणी पितो, पाच मिनिटांत बरे वाटते आणि गॅस झाला असेल म्हणून तो पुढे चालू लागतो. अशा वेळी पुष्कळदा हृदयाच्या एखाद्या रोहिणीत अडथळा असतो. बसल्या जागी पुरणारे रक्त चढावर पुरत नाही. स्नायूचा तेवढा भाग उपाशी पडतो आणि विसावा मिळताच पुन्हा सावरतो. रोहिणी पूर्ण बंद झाली आणि बंदच राहिली तर तो भाग मरतो व त्याचा वण होतो. या दोन टोकांच्या मधली अवस्था मात्र फसवी आहे. रक्त थोडा वेळ तुटले आणि परत आले, पेशी मेल्या नाहीत, पण स्नायू आकुंचन पावणे विसरला. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले की, पंधरा मिनिटे रोहिणी बंद ठेवून मोकळी केली, तरी तो भाग नंतर कित्येक तास, कधी दिवसभराहून अधिक काळ, हलत नाही. 1980च्या दशकात अशा स्नायूला सुन्न झालेला स्नायू असे नाव मिळाले. आणखी एक प्रकार आहे. रक्त महिनोन्महिने तुटपुंजे मिळत राहिले की, स्नायू आपले काम आवरते घेऊन निपचित पडतो, जसा बेडूक उन्हाळ्यात चिखलाखाली पडून असतो. प्रतिध्वनी तपासणीत, जिला आपण टू-डी इको म्हणतो, मेलेला, सुन्न झालेला आणि निपचित पडलेला हे तिन्ही भाग सारखेच दिसतात. तिन्ही हलत नाहीत.

येथे मागोवा-द्रव्य कामास येते. 1970च्या दशकाच्या मध्यापासून थॅलियम-201 हे समस्थानिक हृदयासाठी वापरले जाऊ लागले. ते अणुभट्टीत नव्हे, सायक्लोट्रॉन यंत्रात तयार होते. जिवंत पेशी पोटॅशियम आत ओढून घेत असते, आणि थॅलियम तिला पोटॅशियमसारखेच भासते. रुग्णाला फिरत्या पट्ट्यावर चालवून, हृदयाची गती वाढली असता, ते शिरेत टोचतात आणि गॅमा कॅमेऱ्याने चित्र घेतात. जेथे रक्त कमी पोहोचले तेथे चित्र फिके दिसते. खरी परीक्षा यानंतर आहे. तीन-चार तासांनी पुन्हा चित्र घेतले जाते. दरम्यान भरपूर रक्त मिळालेल्या भागांतून थॅलियम हळूहळू बाहेर पडते आणि उपाशी परंतु जिवंत भागात शिरते. फिका डाग भरून आला, तर तेथे प्राण आहे. तसाच राहिला, तर बहुधा तेथे वण आहे. बहुधा असे म्हटले, कारण काही निपचित भाग इतके मंद असतात की ते चोवीस तासांनी किंवा दुसरी मात्रा दिल्यावरच भरतात. घाई करणारा त्यांना मृत समजून बसेल. सुन्न स्नायूचे वर्तन आणखी विलक्षण आहे. रक्तप्रवाह परत आल्यावर तो थॅलियम जवळजवळ निरोगी स्नायूइतकेच आत घेतो, कारण त्याच्या पेशींचे आवरण शाबूत असते. भिंत हलत नाही, पण दार उघडे आहे, असा हा प्रकार. मेलेल्या पेशींकडे रक्त परत आले तरी त्या मागोवा-द्रव्य धरून ठेवू शकत नाहीत. ते आले तसे वाहून जाते.

टेक्नेशियम-99एम हे दुसरे द्रव्य. त्याची हृदयासाठी वापरली जाणारी संयुगे पेशींतील ऊर्जाकेंद्रांत, मायटोकॉन्ड्रियात, जाऊन बसतात आणि थॅलियमप्रमाणे फारशी स्थलांतर करीत नाहीत. टोचले त्या क्षणी रक्त कोठे कसे पोहोचत होते, याची नोंद ती जपून ठेवतात. म्हणून छातीत कळ असतानाच ते टोचले, मग घाईने रोहिणी मोकळी केली आणि चित्र नंतर काढले, तरी संकटाच्या वेळी किती स्नायू धोक्यात होता हे त्यात दिसते. तिसरा साक्षीदार ग्लुकोज. निरोगी हृदय उपाशीपोटी मुख्यतः मेदाम्ले जाळते. रक्त तुटले की ते ग्लुकोजकडे वळते, आणि रक्त परत आल्यावरही काही तास मेदाम्लांकडे पूर्णपणे परतत नाही. हृदयाला जणू झालेल्या हालांची आठवण राहते. त्यामुळे रक्त कमी पण ग्लुकोजची ओढ कायम, असा भाग दिसला तर तो निपचित पडलेला, पण वाचण्याजोगा आहे, असे वैद्यक समजतात.

हा खटाटोप केवळ ज्ञानासाठी नाही. बायपास करावी की नाही, हा प्रश्न बऱ्याच वेळा याच चित्रावर अवलंबून असतो. वण झालेल्या भागाला नवा रक्तमार्ग देऊन तो हलू लागत नाही. निपचित पडलेला भाग मात्र पुन्हा काम करू शकतो. दोन एकर कोरडवाहू विकून शस्त्रक्रिया करणाऱ्या कुटुंबाला हा फरक आधी कळणे किती मोलाचे आहे, हे निराळे सांगावयास नको. किरणांच्या भीतीने पुष्कळजण ही तपासणी नाकारतात. वास्तविक मात्रा अल्प असते, तिने केस जात नाहीत, आणि द्रव्य स्वतःच विझत जाते. मात्र स्त्री गरोदर असल्यास किंवा अंगावर पाजत असल्यास तिने ते आधी सांगितलेच पाहिजे. काही पद्धतींत आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद ठेवावी लागते, तीही सूचना पाळावी. एक घोट चहाने अख्खी तपासणी पुढे ढकलली जाते.

द्रव्य विझत जाते, यातच आपल्यासारख्या दूरच्या जिल्ह्यांची अडचण आहे. ग्लुकोजला जोडलेले फ्लोरिन 110 मिनिटांत निम्मे होते. टेक्नेशियम सहा तासांत निम्मे होते. मुंबईहून आग्रा रोडने धुळे सव्वातीनशे किलोमीटर; सकाळी भरलेली कुपी येईपर्यंत तिचा मोठा हिस्सा रस्त्यातच संपलेला असेल. यावर एक सुंदर तोड निघाली आहे. टेक्नेशियमचा जनक मॉलिब्डेनम-99 हा 66 तासांत निम्मा होतो. अणुभट्टीत तयार झालेले मॉलिब्डेनम शिशाच्या आवरणातील लहान नळकांड्यात भरून पाठवितात आणि रुग्णालयात रोज सकाळी त्यातून मिठाच्या पाण्याने ताजे टेक्नेशियम काढतात. तंत्रज्ञ गमतीने त्याला गाय दोहणे म्हणतात. वस्तू दूर पाठविता येत नसेल तर तिचा उगमच पाठवावा, ही युक्ती आमच्यासारख्या खेड्यापाड्यांत शिकविणाऱ्यांना मनापासून पटण्याजोगी आहे. ही नळकांडी आपल्या देशात पुरविण्याचे काम अणुऊर्जा विभागाचेच एक मंडळ नवी मुंबईतून करते. साधन जिल्ह्यापर्यंत येऊ शकते. कॅमेरा, तज्ज्ञ आणि पैसा यांचे काय, हा प्रश्न मग अणूचा राहत नाही, तो राज्यकर्त्यांचा होतो. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी वीज आणि पाणी यांच्या योजना आखल्या, दामोदर खोऱ्याच्या कामाला दिशा दिली. त्याच खोऱ्याच्या योजनेसाठी मेघनाद साहाही झटले होते. विज्ञानाचे फळ शेवटच्या घरापर्यंत पोहोचविणे हे शासनाचे कर्तव्य आहे, ही भूमिका त्या कामात स्पष्ट दिसते.

भाभांच्या स्वभावाविषयी थोडे. ते अविवाहित राहिले. स्वतः चांगली चित्रे काढीत, आणि कुलाब्याच्या संस्थेच्या भिंतींसाठी त्यांनी तरुण चित्रकारांची चित्रे निवडून घेतली. त्यात मकबूल फिदा हुसेन यांचे भव्य भित्तिचित्रही आहे. इमारतीच्या आड येणारे झाड तोडण्याऐवजी मुळासकट उचलून दुसरीकडे लावण्याचा त्यांचा आग्रह असे. सहकाऱ्यांवर विश्वास टाकीत, पण विरोध फारसा सोसत नसत, असेही त्यांच्याविषयी लिहिलेले आढळते. पंतप्रधान नेहरूंशी थेट संबंध असल्याने त्यांना नोकरशाहीचा जाच झाला नाही. ही सवलत सर्वांच्या नशिबी नव्हती, आणि तिच्यामुळे अणुविभाग प्रश्न विचारणाऱ्यांपासून दूर राहिला, हा दोष त्यांच्या खात्यावर मांडावाच लागेल.

24 जानेवारी 1966 रोजी व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीस जात असता, त्यांचे एअर इंडियाचे विमान जिनिव्हाजवळ येताना माँ ब्लाँ शिखरावर आदळले. विमानातील सर्व 117 जण मृत्यू पावले. भाभांचे वय छप्पन्न होते. तेरा दिवसांपूर्वी ताश्कंद येथे लालबहादूर शास्त्रींचे निधन झाले होते आणि विमान कोसळले त्याच दिवशी इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. या अपघाताबद्दल घातपाताच्या कथा आजही फिरतात. पुराव्यावाचून त्या पुढे ढकलणे हे इतिहासाचे काम नव्हे. फ्रेंच चौकशीत वैमानिकाचा स्थानाविषयी गैरसमज झाल्याचा निष्कर्ष निघाला होता. त्याच वर्षी 5 जुलै रोजी जर्मनीत फ्रायबुर्ग येथे हेवेशींचेही निधन झाले. 1967 साली ट्रॉम्बेच्या प्रतिष्ठानास भाभांचे नाव देण्यात आले.

मलबार हिलवरील त्यांचे मेहरांगीर हे निवासस्थान बंधू जमशेद यांच्यानंतर एका कलासंस्थेकडे गेले, 2014 साली 372 कोटी रुपयांना लिलावात विकले गेले आणि दोन वर्षांनी पाडण्यात आले. ते स्मारक म्हणून राखावे, ही वैज्ञानिकांची विनंती मान्य झाली नाही. परळच्या केंद्रात मात्र 2002 साली देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिले पेट तपासणी यंत्र आले. तेथे पहाटे किरणोत्सारी फ्लोरिन तयार होते, ग्लुकोजला जोडले जाते आणि 110 मिनिटांचे अर्धायुष्य सरत असतानाच, चाळीसगावला गाडीत बसून रात्रभर प्रवास करून आलेल्या रुग्णाच्या शिरेत जाते.